डोंगर, नदी आणि पट

इंग्रजीतील ‘सर्माउंट’ या क्रियापदाचे मराठी करावयाचे झाले की हल्लीची लेखणी ‘मात करणे’ असे लिहून मोकळी होते. ‘ओव्हरकम’लाही मात, ‘कॉंकर’लाही मात. शब्द ठसकेदार आहे, याविषयी वाद नाही. परंतु तीन निरनिराळ्या कल्पना ज्या एकाच खुंटीला टांगल्या जातात, ती खुंटी कोणत्या लाकडाची आहे हे पाहणे इष्ट होय.

१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा जो ओघ इंग्रजीत सुरू झाला, त्यातूनच ‘सर्माउंट’ हा शब्द चौदाव्या शतकात आला. ‘सुर’ म्हणजे वर व ‘मोंते’ म्हणजे चढणे. आणि या चढण्याच्या मुळाशी पर्वतवाचक ‘मोन्स’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचे वंशज इतरत्रही आढळतात. हिशेबाच्या वहीतील ‘अमाउंट’ ही मुळात डोंगराच्या दिशेने वर चढत गेलेली रक्कम होय; ‘पॅरामाउंट’ म्हणजे सर्वांच्या वर असलेला. ‘सर्माउंट’चा आणखी एक अर्थ नुसता माथ्यावर असणे एवढाच आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटावर प्रगतीची मूर्ती उभी आहे. तिच्या वर्णनास हेच क्रियापद चालते. तेथे मूर्तीने घुमटावर मात केली असे कोणी म्हणणार नाही!

‘ओव्हरकम’ हा मात्र अस्सल जुना इंग्रजी शब्द. त्याची गंमत अशी की, कर्तरि प्रयोगात तो जेत्याचा आणि कर्मणि प्रयोगात जिताचा. दुःखाने ग्रासलेला मनुष्य व दुःखातून बाहेर पडलेला मनुष्य, दोघांनाही तेच क्रियापद लागते. १६११ च्या इंग्रजी बायबलात, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या अखेरच्या वचनात, ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी बसली आहेत.

आता आपल्या घरात पाहू. पर्वत ओलांडण्याचा शब्द आपणांकडेही होता; ‘दुर्लंघ्य’ या विशेषणात तो अजून टिकून आहे. परंतु ‘उल्लंघन’ मराठीत नियमभंगाच्या वाटेस लागले. दसऱ्याच्या सीमोल्लंघनापुरतीच त्याची जुनी प्रतिष्ठा राहिली. संकटातून पार होण्याची कल्पना आपल्या भाषेने डोंगरावरून उतरवून नदीकाठी आणली. तरून जाणे, निस्तरणे, दुस्तर, तारक हे सारे ‘तृ’ या एकाच धातूचे. परीक्षेत ‘उत्तीर्ण’ झालेला विद्यार्थी पाण्यातून वर आलेला असतो, शास्त्रात ‘पारंगत’ झालेला पंडित पैलतीरी पोहोचलेला असतो, आणि घरचे कार्य ‘पार पडते’ तेही पैलतीराच्याच आधाराने.

‘मात’ यांपैकी कोठलीच नव्हे. ती फारसीतून बुद्धिबळाच्या पटावर आली. तेथे समोर प्रतिपक्षी लागतो, त्याचा राजा कोंडावा लागतो आणि डाव संपावा लागतो. डोंगर चढून गेल्यावरही डोंगर जागच्या जागी राहतो. नदी उतरून गेल्यावरही वाहतच असते. पटावर मात्र एकाचा जय म्हणजे दुसऱ्याचा अंत. जेथे खरोखर तसे घडते तेथे हा शब्द शोभतो. देवीच्या रोगाचे पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले. त्या रोगावर मनुष्यजातीने मात केली हे विधान अक्षरशः खरे आहे.

परंतु एखाद्या गृहिणीने ‘कर्करोगावर मात केली’, किंवा एखाद्या पित्याने ‘पुत्रशोकावर मात केली’ असे आपण छापतो, तेव्हा काय होते? पहिल्या वाक्याची सावली तिच्या शेजारणीवर पडते. जी त्याच दुखण्याने गेली, ती मग हरली म्हणावयाची काय? तिची हिंमत कमी पडली, की डाव चुकला? स्वतः हे दुखणे भोगलेल्या सुझन सोंटॅग या अमेरिकन लेखिकेने १९७८ मध्ये ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात रोगाविषयीच्या असल्या युद्धभाषेवर कठोर टीका केली. तिचा आक्षेप इंग्रजीवर होता. आपण तर ती भाषा कौतुकाने घरात आणली. आणि पुत्रशोकाचे काय? तो शोक प्रतिपक्षी नव्हे, ती त्या पुत्राची आठवणच होय. तिला कोंडून डाव जिंकल्याचे श्रेय कोणत्या बापास हवे असेल?

शब्दांची उणीव आहे म्हणावे तर तेही नाही. आपल्या वडीलधाऱ्या बायका ‘दुखण्यातून उठली’, ‘निभावली’, ‘दुःख गिळून उभी राहिली’ असे सहज बोलत. या बोलण्यात जगलेल्याचा गौरव आहे आणि गेलेल्याचा अधिक्षेप नाही. भाषांतरकाराने कोशापूर्वी हे बोलणे आठवावे. अडचण डोंगरासारखी असेल तर ओलांडावी, पुरासारखी असेल तर तरून जावे, आणि समोर खरोखर खेळाडू बसला असेल तेव्हाच मात करावी. पुरात बुडालेल्या माणसाला नदीकाठचे लोक कधी ‘हरला’ म्हणत नाहीत.