सात सामुराई आणि आपले इमामसाहेब

'शोले' आमच्या चारठाण्यात कुणाला समजावून द्यावा लागत नाही. पोराटोरांना संवाद पाठ आहेत. पण १९७५ च्या या चित्रपटाचे मूळ अकिरा कुरोसावाच्या १९५४ च्या 'सेव्हन सामुराई'त आहे म्हटले की मंडळी थबकतात. हॉलिवूडने त्यावरून १९६० साली 'द मॅग्निफिसंट सेव्हन' काढला. पुढे सलीम-जावेद यांनी दरोडेखोरांनी गांजलेले गाव आणि बाहेरून आणलेले लढवय्ये आपल्या पडद्यावर आणले. उसनवारीबद्दल आमची तक्रार नाही. वाटेत काय सांडले, ते पाहायचे आहे.

कुरोसावाचे शेतकरी सामुराईंना भात वाढतात आणि स्वतः भरड धान्यावर भागवतात. पाहुण्यासाठीच तांदूळ काढणाऱ्या, ज्वारीवर वाढलेल्या आम्हा लोकांना हे लगेच कळते. हेच शेतकरी भित्रे आहेत, लबाडही आहेत. एक बाप सामुराईंच्या धास्तीने लेकीचे केस कापतो. सामुराईंना मारून लुटलेली चिलखते घरांतून निघतात. तेव्हा तोशिरो मिफुनेचा किकुचियो, जो मुळात शेतकऱ्याचाच पोर, उसळून सामुराईंनाच जाब विचारतो, की यांना असे केले कुणी?

रामगढची माणसे बहुतेक वेळ गर्दीच राहतात. अपवाद ए. के. हंगल यांच्या इमामसाहेबांचा. त्यांचा अहमद (आपला सचिन पिळगावकर) जबलपूरच्या विडी कारखान्यात कामाला निघतो आणि गब्बरच्या हातून मरतो. गाव कच खाते. आंधळा बाप तेवढा खंबीर राहतो. या प्रसंगाला आम्हीही रडलो आहोत. पण आता सल उरतो. गावाने भ्यावे आणि इमामसाहेबांनी मात्र भिऊ नये? मुसलमानाला गावचा ठरायला पोटचा पोर द्यावा लागतो? कुरोसावाच्या शेतकऱ्याकडे असा पुरावा कुणी मागत नाही. तो भितो, लपवतो, खोटे बोलतो, आणि तरी शेवटी भाताची लावणी तोच करतो.

दोष सिनेमावाल्यांनाच का द्या? आमच्या मुस्लिम मराठी कथेतही हेच इमामसाहेब पुन्हा पुन्हा येतात, सोशिक आणि पाक. भ्यालेला, चहाडखोर, धान्य लपवणारा मुसलमान लिहायला आमचीच लेखणी कचरते. लोक काय म्हणतील!

'शोले' रेल्वे स्टेशनवर संपतो. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या चाचींनी तो पाहून एवढेच विचारले होते, "इमामसाहेबांना आता भाकर कोण देतं?"