‘हरकत नाही’ आणि ‘हरकत आली नाही’

कार्यालयीन व्यवहार यंत्राकडे सोपविताना त्याचा नियम त्रिपदी रूपात मांडावा लागतो : अमुक घटना घडली, अमुक अट पुरी झाली, म्हणजे अमुक कृती आपोआप व्हावी. या रचनेची मर्यादा तपासावयास महाराष्ट्रातील ई-फेरफार प्रणाली हे उत्तम उदाहरण होय.

या प्रणालीचा मूळ नियम महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये आहे. हक्कसंपादनाची खबर येताच तलाठ्याने फेरफाराची नोंद करावी, तिची प्रत चावडीत लावावी, हितसंबंधीयांस सूचना द्यावी. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावी. आणि अखेरीस सक्षम अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी, असा हा क्रम आहे. हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. नोंदणीकृत दस्ताची माहिती आता संगणकाद्वारे तलाठ्याकडे जाते. त्यामुळे पक्षकाराचे हेलपाटे वाचतात आणि कागद कोणत्या मेजावर अडला हे कळते. हा लाभ थोडा नव्हे.

तथापि नियमाचे मर्म कृतीत नसून अटीत असते. ‘हरकत नाही’ हे संमतीचे विधान होय. ‘हरकत आली नाही’ हे केवळ मौनाचे. यंत्रास मौन मोजता येते, त्याचे कारण जाणता येत नाही.

नागपूरच्या मनीषनगरात राहणाऱ्या एका विवाहितेच्या वडिलांची शेती कुही तालुक्यात आहे, असे समजू. वडिलांच्या पश्चात भावांनी वारसनोंदीच्या अर्जात तिचे नाव वगळले. सूचनेची प्रत गावच्या चावडीत लागली. मनीषनगरात ती कोण वाचणार? अभिलेखात तिचे नाव नसल्याने सूचनाही तिला गेली नाही. पंधरा दिवस उलटले, अट ‘पुरी’ झाली.

संहितेने हा धोका ओळखला होता. ज्यांची नावे अभिलेखात आहेत त्यांच्याखेरीज, ज्यांचा हितसंबंध आहे असे मानण्यास तलाठ्यास कारण असेल त्यांनाही सूचना द्यावी, असे ती सांगते. अभिलेखातील नावे यंत्र शोधील. परंतु ‘मानण्यास कारण’ असणे हा मनुष्याच्या चौकशीचा व्यापार आहे. या घरात मुली किती, त्या कोठे दिल्या, हे गावात विचारावे लागते.

फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही, हे खरे. पण कलम १५७ अन्वये प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे सिद्धतेचे ओझे वगळलेल्या मुलीवरच पडते.

यास्तव निरोप पोचविणे आणि दिवस मोजणे ही कामे यंत्राकडे निःशंकपणे द्यावीत. मात्र कोणाकोणास विचारले हे अधिकाऱ्याने स्वतः लिहिल्याखेरीज प्रमाणनाची पायरी खुली होऊ नये. मौनास संमती ठरविण्याचा अधिकार नियमाने यंत्रास देऊ नये.