‘सॅम्पल्स किती घेणार?’ : जुन्या जनुकीय डेटावरच्या संशोधनाला पैसे का मिळत नाहीत?

गेल्या वर्षी एका छोट्या संशोधन अनुदानासाठी मी प्रस्ताव दिला होता. विषय होता तोंडाच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका. नवीन रक्त गोळा करायचं नाही, आधी कुणीतरी जमवलेला जनुकीय डेटा परवानगी घेऊन पुन्हा तपासायचा, अशी पद्धत. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, “सॅम्पल्स किती घेणार?” मी म्हटलं, “एकही नाही, सर.” पुढचा प्रश्न, “मग यात तुमचं स्वतःचं काम काय?” मी काहीतरी अडखळत बोलले. प्रस्ताव नामंजूर झाला.

घरी येताना एसटीत खूप चिडचिड झाली. आता मात्र वाटतं की तो पहिला प्रश्न चुकीचा होता आणि दुसरा अगदी बरोबर. तुमच्यापैकी अनेकजण पीएचडीचा विषय शोधत असाल आणि ‘डेटा तर ऑनलाइन आहेच’ असं कुणीतरी सांगितलं असेल, म्हणून हे दोन्ही प्रश्न जरा नीट बघू.

टाकाऊ वाटलेले ६२ नमुने

उदाहरण आपल्याच राज्यातलं घेते. गाठीतले जनुकीय बदल शोधताना त्याच रुग्णाचं रक्त किंवा निरोगी ऊतीही तपासतात. दोन्हींत सापडतो तो बदल जन्मजात, फक्त गाठीत सापडतो तो नंतर झालेला. म्हणजे निरोगी नमुन्याचं काम वजाबाकीपुरतं. वजाबाकी झाली की तो डेटा हार्ड डिस्कवर पडून राहतो.

खारघरच्या ॲक्ट्रेकमधल्या, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रातल्या, अमित दत्त यांच्या गटानं या पडून राहिलेल्या डेटाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. अडचण अशी होती की अनेकदा गाठीचा नमुना असतो, पण जोडीचा निरोगी नमुना नसतो. मग जन्मजात बदल वगळायला सार्वजनिक डेटाबेस वापरावा लागतो, आणि तिथे भारतीय लोक फारच कमी. साहजिकच आपल्याकडचा एखादा निरुपद्रवी, आजीकडून आलेला बदल ‘कर्करोगाचं उत्परिवर्तन’ म्हणून यादीत शिरतो.

या गटानं ६२ भारतीय रुग्णांच्या निरोगी नमुन्यांच्या एक्झोममधून १,१४,३०९ जन्मजात बदलांचा ‘टीएमसी-एसएनपीडीबी’ हा डेटाबेस २०१६ मध्ये सर्वांसाठी खुला केला. नेहमीच्या डेटाबेसनं गाळल्यावरही उरलेले खोटे बदल त्यामुळे जिभेच्या कर्करोगात ४२ टक्के, पित्ताशयाच्या ३३ आणि गर्भाशयमुखाच्या २८ टक्के कमी झाले. फक्त ६२ माणसांच्या माहितीतून!

आमच्याकडे गुऱ्हाळात उसाचं चिपाड कुणी फेकत नाही. वाळवून त्याच चुलवाणात घालतात आणि त्याच्यावरच रस आटतो. डेटाचं गणित यापेक्षा वेगळं नाही.

पण हाच डेटा धोका मोजायला चालेल का?

इथे टीका करायला हवी, कारण मीही आधी हीच चूक करणार होते. हा डेटाबेस गाळणीसाठी उत्तम आहे. कर्करोगाचा आनुवंशिक धोका मोजायला तो चालत नाही. कारणं तीन.

एक, ही ६२ माणसं कर्करोगाचे रुग्ण आहेत. धोका मोजायचा तर रुग्णांची तुलना कर्करोग नसलेल्यांशी करावी लागते. यांना ‘निरोगी गट’ मानलं तर रुग्णांची तुलना रुग्णांशीच होईल.

दोन, संख्या. ६२ माणसं म्हणजे गुणसूत्रांच्या १२४ प्रती. लोकसंख्येत ०.५ टक्के प्रतींमध्ये असलेला बदल या १२४ मध्ये एकदाही न दिसण्याची शक्यता ०.९९५ चा १२४ वा घात, म्हणजे सुमारे ५४ टक्के. कॅल्क्युलेटरवर करून बघा. दुर्मीळ बदल निम्म्याहून जास्त वेळा दिसणारच नाही.

तीन, एक्झोम म्हणजे जीनोमचा प्रथिनं बनवणारा जेमतेम एक-दोन टक्के भाग. कर्करोगाचा धोका थोडाथोडा वाढवणारे बहुतेक सामान्य बदल या भागाच्या बाहेर असतात.

यात डेटाबेसचा दोष नाही, त्यानं तसा दावाही केलेला नाही. मुद्दा इतकाच की जुना डेटा कोणत्या प्रश्नासाठी जमवला होता हे विसरलं की गोंधळ होतो.

बरं, मोठा परदेशी डेटा वापरला तर? २०१९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये ॲलिशिया मार्टिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जीनोमव्यापी अभ्यासांतले सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. अशा अभ्यासांवरून काढलेल्या गुणांकांची अचूकता दक्षिण आशियाई लोकांत सरासरी ३७ टक्क्यांनी कमी भरली. ती तुलना उंचीसारख्या मोजता येणाऱ्या गुणांची होती, कर्करोगाची नव्हती. तरी इशारा पुरेसा आहे.

आणि भारतीय डेटा म्हणजे सगळा एकच असंही नाही. टाटा मेमोरियलच्या पित्ताशय कर्करोगाच्या अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात (२०१७) १,०४२ रुग्ण आणि १,७०९ रुग्ण नसलेले लोक होते. असा तयार तुलना-गट बघून हात शिवशिवतात. पण हा कर्करोग मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातला. कोल्हापूरच्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांची तुलना उत्तरेकडच्या लोकांशी केली, तर दोन प्रदेशांतला वंशाचा फरकच ‘कर्करोगाचा धोका’ म्हणून समोर येईल. तंबाखू, मिश्रीची नोंद दोन्ही गटांत सारखी नसेल तर विचारूच नका.

पैसा कुठे अडतो?

आता पहिल्या प्रश्नाकडे. वरचं सगळं निस्तरायला लागतं ते कुशल माणूस, संगणक आणि वेळ. आपल्या अनुदानाच्या अर्जांतले रकाने मात्र उपकरणं, रसायनं, प्रवास, किरकोळ असे. जुन्या डेटावर काम करणाऱ्याच्या रसायनांच्या रकान्यात शून्य येतं, आणि शून्य दिसलं की काम हलकं वाटतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं कर्करोगाच्या आनुवंशिक धोक्यासाठी उपलब्ध डेटाचं पुनर्विश्लेषण आणि एकत्रीकरण करणाऱ्या प्रकल्पांकरता वेगळी अनुदान-घोषणाच काढली होती. तिथे ‘नवीन सॅम्पल्स किती’ हा प्रश्नच गैरलागू ठरतो. ‘हे डेटासेट जोडून जे कळेल ते एकेकट्यातून का कळत नव्हतं?’ हे पटवावं लागतं.

आपल्याकडे डेटाची बाजू सुधारते आहे. जीनोमइंडिया प्रकल्पातल्या सुमारे १०,००० जणांचा डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात आहे आणि ९ जानेवारी २०२५ रोजी तो संशोधकांसाठी उपलब्ध झाल्याचं जाहीर झालं. त्याआधी २०२१ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागानं डेटा वाटून घेण्याची ‘बायोटेक-प्राइड’ मार्गदर्शक तत्त्वंही आणली. पण एका माणसाच्या पूर्ण जीनोमचा कच्चा डेटा १०० जीबीच्या घरात जातो. तो उतरवून घेणं, साठवणं कोल्हापुरातल्या एखाद्या विभागाला कसं जमणार? दार उघडलं, पण आत जायला भाडं कोण देणार, असं झालंय. डेटा जमवायला पैसा दिला तसा तो वापरणाऱ्या माणसाला आणि संगणकाच्या तासांना वेगळा पैसा दिला नाही, तर हा डेटा चार मोठ्या संस्थांपुरताच राहील. नमुने ज्यांनी दिले ते मात्र सगळीकडचे आहेत.

समितीची बाजूही ऐका

दुसरा प्रश्न, ‘तुमचं स्वतःचं काम काय?’ ही शंका हवेतली नाही. अमेरिकेच्या एनएचएएनईएस या खुल्या आरोग्य सर्वेक्षणावरचे साचेबद्ध शोधनिबंध २०१४ ते २०२१ दरम्यान वर्षाला सरासरी चार होते. २०२४ च्या ९ ऑक्टोबरपर्यंत ते १९० झाले, असं २०२५ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’तल्या एका अभ्यासानं मोजलं. एक आजार, एक घटक, एक आलेख, झाला पेपर! समितीनं असे प्रस्ताव ढिगानं पाहिले असतील तर माझ्याकडे संशयानं बघणं समजू शकतं.

म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी स्वतःला चार गोष्टी विचारा:

१. हा डेटा मुळात कशासाठी आणि कुणाकडून जमवला होता?
२. माझ्या प्रश्नाला लागणारी संख्या आणि तुलना-गट त्यात आहे का?
३. देणाऱ्यांच्या संमतीपत्रात असा पुनर्वापर बसतो का? नैतिकता समितीला विचारलं का?
४. उत्तर ‘काहीच सापडलं नाही’ असं आलं, तरी ते कामाचं असेल का?

माझ्या जुन्या प्रस्तावात दुसऱ्याचं उत्तर नव्हतं, हे कबूल करायला मला वर्ष लागलं. यंदा पुन्हा अर्ज करतेय. सॅम्पल्सच्या रकान्यात या वेळीही शून्यच आहे, पण त्याच्याखाली दीड पान स्पष्टीकरण जोडलंय.