वंशावळींतील तारखा व ‘ग्रँप्स’ची तपासणी

‘ग्रँप्स’ या वंशावळी मांडण्याच्या संगणक-प्रणालींत तारखा तपासण्याची सोय आहे. जन्माआधीं मृत्यु, बापाहून वडील मुलगा, असले दोष ती तत्काळ दाखविते. हा गुण मोठा खरा. परंतु असंभव तेवढें तिला दिसतें, चुकीचें पण संभवनीय दिसत नाहीं.

लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार असा आहे. शकांत नेहमींचे ७८ मिळवणारा १६२९ लिहील. फाल्गुनांतील या तिथीस ७९ हवेत, म्हणून १९ फेब्रुवारी १६३०. बखरींच्या मतें साल १६२७. मृत्यु १६८० चा असल्यानें प्रणालीस तिन्ही सालें निर्दोषच! वार ताडला म्हणजे मात्र १६२९ उघडें पडतें. त्या सालच्या १९ फेब्रुवारीस गुरुवार येतो. हें गणित ज्युलियन पद्धतीचें. ग्रेगोरियन धरल्यास १६३० सालींही मंगळवार निघेल.

प्रणालींत ज्युलियन गणना आहे, शकाची नाहीं. नांदगांव पेठेकडील घराण्यांस तर १८५३ पूर्वींच्या निजामी अमलांतील फसली सनहि भेटतात; तेथें ५९० मिळवावे कीं ५९१, हें महिन्यावर ठरतें. तेव्हां मूळ सन, तिथि व वार टिपणांत जसेच्या तसे उतरून ठेवावे.