‘सर्वत्र’ : एका बोधशब्दाचें परीक्षण

मुद्रा, पदकें व बोधवाक्यें यांना वाङ्मयाच्या दरबारांत सहसा आसन मिळत नाहीं. वस्तुतः बोधवाक्य हा वाङ्मयाचा अत्यंत संक्षिप्त प्रकार होय. त्यांत एक शब्द चुकला तर सांवरून घेण्यास दुसरी ओळ नसते. शिवछत्रपतींच्या संस्कृत राजमुद्रेंत प्रतिपदेच्या चंद्राची उपमा आली आणि त्या लहानशा आकृतींत एका राज्याचें सारें ध्येय सांठलें. त्याच कसोटीवर येथें एक शब्द घांसून पाहावयाचा आहे : भारतीय सैन्याच्या अभियंता दलाचा ‘सर्वत्र’. या दलाच्या बाँबे सॅपर्स शाखेचें केंद्र खडकीस आहे. तेव्हां हा शब्द महाराष्ट्रास परका नाहीं.

हें दल मुख्यतः लढणाऱ्यांस साह्य करणारें. पूल बांधणें, वाट काढणें, सुरुंग पेरणें व उचलणें हें त्याचें काम. शब्द मूळचा लॅटिन, ‘उबिक्वे’. इंग्लंडचा राजा चौथा विल्यम यानें तो १८३२ सालीं आपल्या तोफखान्यास व अभियंत्यांस दिला. इतर पलटणी आपल्या निशाणांवर रणांगणांचीं नांवें मिरवीत. हीं दोन दलें बहुतेक प्रत्येक लढाईंत असावयाचीं, म्हणून त्या नामावळीच्या जागीं हा एकच शब्द आला. त्याच्या जोडीस दुसरें वाक्य होतें. त्याचा आशय, धर्म आणि कीर्ति नेतील तिकडे.

स्वातंत्र्योत्तर काळीं हें लॅटिन धन दोन दलांनीं दोन रीतींनीं वापरलें. ज्याचें विद्यालय देवळालीस आहे त्या तोफखान्याचें वाक्य ‘सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल’. कानास तें भरदार लागतें यांत शंका नाहीं. परंतु मुळांत शिपाई धर्माच्या मागें चालतो, येथें मान व भाग्य हींच शिपायाच्या मागें चालूं लागतात. ‘नेतील’ हें क्रियापद गळालें आणि आज्ञेची जागा आश्वासनानें घेतली. अभियंत्यांनीं दुसरें वाक्य सोडलें व पहिला शब्द तेवढा ठेवला. माझ्या मतें त्यांची निवड अधिक रसज्ञ आहे. ‘सर्वत्र’ हें अव्यय. त्यास लिंग नाहीं, वचन नाहीं, विभक्ति नाहीं. वाक्यांत कर्त्याचा मान तें मागत नाहीं. आणि ज्यांचें काम इतरांचें वाक्य पुरें करण्याचें, त्यांस तें शोभून दिसतें.

यावर एक आक्षेप संभवतो, व तो वजनदार आहे. या शब्दांत चित्र नाहीं. शिवाय जो शब्द परमेश्वरासही लागू पडतो, तो कुदळीफावड्यास शोभेल काय? याचें उत्तर कोशांत नसून कर्तृत्वांत आहे. एप्रिल १९४८ मध्यें नौशेऱ्याहून राजौरीकडे रणगाडे निघाले, तेव्हां वाटेंत सुरुंग होते आणि आडवे पाडलेले वृक्ष होते. बाँबे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, हे कारवारकडील, पहिल्याच दिवशीं जखमी झाले. तरीही ११ एप्रिलपर्यंत ते भडिमाराखालीं रस्ता मोकळा करीत पुढें गेले. येथें ‘सर्वत्र’ म्हणजे सगळीकडे एवढेंच नव्हे. इतरांच्या आधीं, असाही त्याचा अर्थ होतो. तो अर्थ शब्द स्वतः सांगत नाहीं, हें मात्र त्याचें खरें न्यून.

कीर्तीच्या बाबतींत हें काम पूर्वींपासूनच उपेक्षित. चिंचणीच्या शेजारचा तारापूरचा किल्ला ज्या मोहिमेंत मराठ्यांनीं घेतला, तिच्याच शेवटीं, १७३९ सालीं, सुरुंगांनीं वसईच्या तटास खिंडार पडलें. चिमाजी अप्पांचें नांव सर्वांस ठाऊक. सुरुंग खणणारे कोण, हें कोणी विचारीत नाहीं.

शब्दांत जें चित्र नाहीं तें दुसरीकडे सांपडतें. राणे हे परमवीरचक्र हयातींत मिळविणारे पहिले वीर. १९५० सालीं स्थापन झालेल्या या पदकाची आकृति योजिली ती स्वित्झर्लंडांत जन्मलेल्या व विवाहानें मराठी झालेल्या सावित्रीबाई खानोलकर यांनीं, आणि तिच्यावर इंद्राचीं चार वज्रें आहेत. वज्र फेकलें इंद्रानें. परंतु तें घडलें दधीचीच्या अस्थींचें. दधीचि रणांत उतरला नाहीं, तरी वृत्राचा वध त्याच्यावांचून होत नव्हता. साह्यकारी दलाचें याहून यथार्थ चित्र आपल्या पुराणांत मला दुसरें आढळत नाहीं. ‘सर्वत्र’ हा शब्द आहे तसाच राहावा. परंतु नव्या शिपायास तो समजावून देतांना ही कथा अवश्य सांगावी.