महाडचे पाणी आणि नेत्यांची वाणी

२३ ऑगस्ट २०२१ रोजी महाड येथे तत्कालीन केंद्रीय मंत्री नारायण राणे यांनी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याविषयी कानाखाली लगावण्याची भाषा केली. मुख्यमंत्र्यांना स्वातंत्र्याची वर्षे ठाऊक नाहीत, हा त्यांचा आक्षेप. दुसऱ्या दिवशी शिवसैनिक रस्त्यावर उतरले, दगडफेक झाली, राण्यांना रत्नागिरी जिल्ह्यात अटक झाली आणि रात्री महाडच्याच न्यायालयाने त्यांना जामीन दिला. मग भारतीय जनता पक्षाच्या कार्यकर्त्यांनी ठाकरे यांचे २०१८ मधील, योगी आदित्यनाथांना चपलेने मारण्याविषयीचे उद्गार काढून पोलिसांत धाव घेतली. जणू एकाच्या अपशब्दाने दुसऱ्याचा अपशब्द धुऊन निघतो!

आमचा आक्षेप केवळ असभ्यतेवर नाही. त्यापूर्वी महिनाभर, २२ जुलै रोजी, सावित्रीच्या पुराने महाड बुडाले होते. तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली होती. त्याच महाडचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले ते एका न मारलेल्या थपडेमुळे. उद्ध्वस्तांच्या निवाऱ्यासाठी असा संताप रस्त्यावर उतरला नाही.

राजगृही एका संतप्त ब्राह्मणाने तथागतांना शिवीगाळ केली. तथागतांनी त्यास विचारले, पाहुण्यांनी वाढलेले अन्न स्वीकारले नाही, तर ते कोणाचे? यजमानाचेच, असे उत्तर आले. अपशब्दांचेही तसेच, हे तथागतांनी त्यास उमगविले. आमचे पुढारी मात्र हे अन्न हावरेपणाने स्वीकारतात, कारण त्यावर त्यांचे राजकारण पोसते.

तर मग अपमानिताने मुकाट्याने सोसावे काय? मुळीच नाही. ह्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. नंतर मंदिरप्रवेशाची अफवा उठवून सत्याग्रहींवर लाठ्या चालविण्यात आल्या. सूड घेण्यास सिद्ध झालेल्या अनुयायांना बाबासाहेबांनी आवरले आणि न्यायासनापुढेही लढा दिला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरील हक्क मान्य केला. तेथे संताप होता, परंतु तो शीलाने बांधलेला होता. आणि तो एका व्यक्तीच्या मानासाठी नव्हता, माणूस म्हणून पाणी पिण्याच्या अधिकारासाठी होता.

मानापमान आणि मानवी प्रतिष्ठा ह्यांतील हा भेद आम्हांस मूलभूत वाटतो. नेत्याचा अपमान तो आपलाच, असे अनुयायास वाटू लागते तेव्हा त्याची विवेकबुद्धी गहाण पडलेली असते. राजकारणातील भक्ती हा अधःपतनाचा मार्ग होय, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला, तो ह्याच गहाणवटीविरुद्ध.

सम्यक वाचा म्हणजे गुळमुळीत बोलणे नव्हे. खोटे, चहाडी, कठोर व निरर्थक बोलणे वर्ज्य करूनही कठोर सत्य सांगता येते. म्हणून, पुढारी कोणत्याही झेंड्याखालचा, अगदी निळ्या झेंड्याखालचाही असो, त्याच्या अपमानासाठी मुठी वळण्यापूर्वी आपण स्वतःस विचारावे: तळियेसाठी आपण किती वेळा रस्त्यावर उतरलो?