गम डायक्रोमेट मुद्रणातील छायाभेद आणि रंग : स्टायकेन यांच्या ‘द फ्लॅटआयर्न’च्या संदर्भात

प्रास्ताविक :
छायाचित्राला रंग देणे म्हणजे त्याला सजविणे, असा आक्षेप गम डायक्रोमेट मुद्रणावर वारंवार घेतला गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट दमाशी यांनी हे तंत्र कलामाध्यम म्हणून पुढे आणले, तर फ्रेडरिक इव्हान्स यांच्यासारखे शुद्ध छायाचित्रणाचे पुरस्कर्ते अशा हस्तक्षेपाच्या विरोधात राहिले. एडवर्ड स्टायकेन यांच्या ‘द फ्लॅटआयर्न’ (१९०४) या कृतीच्या आधारे या आक्षेपाचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तंत्राची मर्यादा :
डिंक, रंगद्रव्य आणि डायक्रोमेट यांचा थर कागदावर देतात. प्रकाश पडलेल्या भागातील डिंक घट्ट होतो, उरलेला पाण्यात धुऊन जातो. थर जाड असल्यास मध्यम छटांतील डिंक केवळ पृष्ठभागी घट्ट होतो व धुताना खालच्या मऊ डिंकासह सुटून येतो. थर पातळ असल्यास छटा टिकतात, परंतु काळोख फिका राहतो. डायक्रोमेटचे प्रमाण कमी केल्यास छायाभेद वाढतो, मात्र प्रकाशन अधिक काळ द्यावे लागते. त्यामुळे एका थरात छटा आणि गडदपणा ही दोन्ही क्वचितच साधतात. हाइनरिश क्यून, ह्यूगो हेन्नेबर्ग आणि हान्स वॉट्सेक यांनी यावर बहुथरी मुद्रणाचा मार्ग अवलंबिला. त्यात गडद थराला अल्प प्रकाशन देऊन काळोख मिळवितात व विरळ थराला दीर्घ प्रकाशन देऊन उजळ छटा राखतात.

कृतीचे मूल्यमापन :
स्टायकेन यांनी प्लॅटिनम मुद्रणावर डिंकाचे थर चढविले. प्लॅटिनमची छटांची श्रेणी दीर्घ असते, परंतु त्यातील काळेपणा सौम्य असतो. त्यामुळे येथे कामाची विभागणी झालेली दिसते. धूसर आकाशाचे सूक्ष्म टप्पे प्लॅटिनम सांभाळते, तर पुढची फांदी व गाडीवानांच्या आकृती यांना वजन डिंक देतो. रंग आणि छायाभेद एकाच थरातून येतात. जेथे काळोख अधिक, तेथे रंग अधिक. म्हणून हा रंग वरून लावलेला वाटत नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात याच निगेटिव्हची वेगवेगळ्या रंगांतील तीन मुद्रणे आहेत. त्यांपैकी खरे कोणते, हा प्रश्न गौण ठरतो. संधिप्रकाश स्वतःच क्षणोक्षणी पालटतो. तथापि, निगेटिव्हमध्ये हा रंग नव्हता, हेही मान्य करावे लागेल. त्याची निवड व्हिसलर यांच्या रात्रिचित्रांच्या संस्कारातून आलेली आहे. उलट, दमाशी यांच्या अनेक मुद्रणांत उजळ भाग ब्रशने घडविलेले आहेत. तेथे रंगाचा निगेटिव्हमधील छायेशी संबंध तुटतो आणि इव्हान्स यांच्या भूमिकेला बळ मिळते.

समारोप :
हस्तक्षेप झाला की नाही, यापेक्षा रंग छायेला बांधलेला आहे की नाही, हा निकष अधिक ग्राह्य वाटतो. अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट निष्पन्न होते. पाठ्यपुस्तकातील एकच प्रतिकृती दाखवून ही कृती शिकविता येत नाही. तिन्ही मुद्रणे शेजारी ठेवावी लागतात. प्रात्यक्षिक घेणाऱ्या विभागांनी षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे याचे भान ठेवून हातमोजे व टाकाऊ द्रावणाची स्वतंत्र व्यवस्था अनिवार्य मानावी.